विहिरीला वेळ द्या

१८ फेब्रुवारी २०२४

पालक परत आणला. अख्खा! एक जुडीसुद्धा गेली नाही.

बेल्याच्या बाजारात जयवंताबाई माझं लग्न झालं तेव्हापासून माझ्याकडूनच भाजी नेते. आज आली, जुडी उचलली, नाकाशी नेली आणि हळूच परत ठेवली. "राग नको मानू दामिनी, पण वास येऊन राह्यला व." मी म्हटलं, मावशी, ही टँकरच्या पाण्यावरची आहे. "असन. पण घरी नातू लहान हाय." असं म्हणून पुढच्या बाईकडे गेली.

मग मीही हुंगून पाहिली. मला काहीच आलं नाही. याचंच भ्या वाटतं. घरात, कपड्यात, केसात इतके दिवस पेट्रोल आहे की आमच्या नाकांनी कामच सोडलं.

दिवाळीच्या आधी कळलं. केशवरावांच्या पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी गळत होती. पंप वर रस्त्यावर, आमची भाजीची वाडी खाली उताराला. किती दिवस गळली ते खुद्द केशवरावांनाही सांगता येत नाही. आम्ही मोटर लावली आणि पाटाचं पाणी चमकायला लागलं. निळं, जांभळं, पिवळं. हर्षाली टाळ्या वाजवत होती! सात वर्षांचं लेकरू— "आई, पाह्य ना, रंग!"

त्या दिवसापासून विहीर बंद.

२१ फेब्रुवारी

टँकर आला नाही. वांगी सुकली.

२७ फेब्रुवारी

लॅबचा माणूस आला होता, रविकांत. आदिलाबादचाच आहे, मराठी बोलतो, म्हणून बरं. नाहीतर पहिले जे साहेब आले ते नुसते तेलुगूत आणि इंग्रजीत बोलले आणि मामाजी त्यांच्या तोंडाकडे पाहत बसले.

गळकी टाकी काढली, तिथली माती उकरून नेली, विहिरीवरचा तवंगही शोषून नेला. आमच्या वाडीत जागोजाग पांढरे पाइप गाडले आहेत, त्यांना झाकणं आणि कुलपं. आम्हाला वाटलं आता मशीन येईल, पाणी साफ करेल. रविकांत म्हणाला, मशीन नाही येणार.

मातीत बारीक जिवाणू असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. ते पेट्रोल खातात. आपोआप खातात, कोणाला सांगावं लागत नाही. टाकी काढली, नवीन पेट्रोल येणं थांबलं, आता जे उरलंय ते हळूहळू संपेल. लॅबवाले दर तीन महिन्यांनी पाणी नेऊन तपासतील, आकडा उतरतोय का ते पाहतील.

मामाजी (माझे सासरे, बाबाराव) बाजेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "मंग तुमी काय करून राह्यले?"

"आमी लक्ष ठेवतो, बाबा."

"लक्ष ठेवून काय होते?"

"बाबा, विहिरीला वेळ द्या."

"किती?"

रविकांत म्हणाला, "सात वर्षं. दहाही लागतील."

मामाजी हसले. खोटं नाही, खरंच हसले. ते सत्तरीत आहेत.

३ मार्च

सुरेंद्र पंपावर जाऊन भांडून आला. (तोंडानं नवऱ्याचं नाव घेत नाही, वहीत घेते. इथे कोण ऐकतंय!) केशवरावांची कॉलर धरली म्हणे. संध्याकाळी केशवराव स्वतः आमच्या दारात. म्हातारा माणूस, काठी टेकत आला. "सुरेंद्रा, मी काय मुद्दाम फोडली का रे टाकी? माझंबी पोट त्याच्यावरच हाय." आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, पाणी पुढे केलं. त्यांनी तांब्या हातात घेतला, पाहिला, आणि ते प्यायले की नाही हे मी पाहिलं नाही. मला पाहायचंच नव्हतं.

११ मार्च

हर्षालीच्या मांड्यांवर लाल चट्टे. डॉक्टर म्हणाले विहिरीच्या पाण्यानं आंघोळ घातली का. मी घातलेली नाही! कधीच नाही! मग हळूच कळलं, हर्षाली खेळताना पाटातल्या तेलकट डबक्यात पाय पसरून बसते. मारलं तिला. मग रडले. ती मलाच म्हणाली, "आई, उगी."

शाळेत तिला 'पेट्रोल' म्हणतात.

९ एप्रिल

पाडवा. शेजारी तेलुगू लोकांची उगादी, त्यांची कडुनिंब-चिंच-गुळाची पचडी आली. गुढी उभारली. आत्याबाईंनी पुरण घातलं. कोणी नीट जेवलं नाही.

विहीर पार खाली गेली आहे, तळच दिसतो. मामाजी सारखे काठावर. ही विहीर त्यांनी तरुणपणी स्वतः खणली. ते खडक फोडायचे, आत्याबाई टोपल्यानं माती उपसायच्या. दर वर्षी वैशाखात गाळ काढायचा, मग झरा मोकळा होतो. चाळीस वर्षांत एकदा चुकलं नाही.

आज म्हणाले, "गाळ काढला का नवा झरा फुटन. जुनं घाण पाणी आपोआप जाईन."

सुरेंद्र म्हणाला, "बाबा, हात लावू नका म्हनलं ना त्यायनं."

"इहीर आपोआप साफ होते का रे कुठं? हात लावाच लागते."

१६ एप्रिल

रविकांत आला. दोरीला लावून एक छोटं यंत्र विहिरीत सोडलं. ते अर्ध्यावरही गेलं नाही तोच चिरकायला लागलं. त्यानं ते मामाजींच्या हातात दिलं, पुन्हा सोडायला लावलं. पुन्हा तेच.

"ऐकलं बाबा? खाली हवा नाही. पेट्रोलची वाफ आहे, ती जड असते, तळाशी बसते. माणूस उतरला की एक-दोन श्वासात पडतो. वास येईल, चक्कर येईल, संपलं. कोणीही उतरायचं नाही. दिवा नाही, बिडी नाही."

मामाजी मान हलवत होते. हो हो. सुरेंद्रनं काठावर काट्याच्या फांद्या टाकल्या.

 

२८ एप्रिल

ऊन. वाडीत हिरवं काही उरलं नाही. मेथी नाही, सांबार-कोथिंबीर नाही. टोमॅटोच्या काड्या तेवढ्या उभ्या. मामाजी उठतात, वाडीत जातात, काम नसतं, परत येतात, पुन्हा जातात. त्यांच्या हातांकडे पाहवत नाही. काही धरायलाच नाही त्या हातांना.

७ मे

मामाजी गेले.

१९ मे

लिहायलाच पाहिजे. कोणाला सांगू शकत नाही.

सकाळ होती. मी अंगणात धुणं वाळत घालत होते. आत्याबाईंची किंकाळी आली. वाडीतून. सुरेंद्र गोठ्यातून पळाला, मी त्याच्या मागे.

काट्याच्या फांद्या बाजूला केलेल्या. एवढं सगळं सांगितलं होतं! दोर मोटेच्या जुन्या लाकडाला बांधलेला. खाली मामाजी, गाळात कुशीवर. घमेलं जवळ. त्यांनी अर्धं घमेलं गाळ भरला होता. भरला होता त्यांनी! पांढरं धोतर वरून स्पष्ट दिसत होतं. हात हलला असं मला वाटलं. आत्याबाईंनाही वाटलं.

सुरेंद्रनं चपला काढल्या. पायऱ्या कोरलेल्या आहेत आतल्या भिंतीत, एक पाय पहिल्या पायरीवर टाकला. मी मागून धरलं. कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली. ओरडले, "तुमीबी परत येनार नाही!" त्यानं हिसके दिले. कोपर माझ्या तोंडावर बसलं, ओठ फाटला, रक्त आलं, मी पडले. पण मी सोडलं नाही. आत्याबाई छाती बडवत होत्या. "सोड त्याले! बाप हाय त्याचा! सोड!"

सोडलं नाही.

पंपावरची माणसं दोर घेऊन आली. कोणीतरी मोठा पंखा आणला. कोणीतरी केशवरावांनाही धरून आणलं. कोणी खाली उतरलं नाही. मग आदिलाबादहून आगीच्या बंबाची माणसं आली, तोंडाला मुखवटे, पाठीला टाक्या. ते उतरले. त्यांनी मामाजींना वर काढलं. एका कुशीला आणि पायाच्या तळव्यांना ओला गाळ लागलेला, बाकी सगळे कोरडे. झोपल्यासारखे.

डॉक्टर म्हणाले पडल्यावर मिनिटभरात गेले असतील. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलंय. आत्याबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "थो काय तिथं होता?"

२० मे

सुरेंद्र माझ्याशी बोलत नाही. त्या दिवसापासून एक शब्द नाही. जेवायला वाढलं तर ताट ओढतो, जेवतो, उठतो. माझ्याकडे पाहत नाही. माझ्या ओठाची खपली पडली, तीही त्यानं पाहिली नाही.

२४ मे

आज घरात पाहुणे असताना आत्याबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एक तं उतरला असता. एक तरी." माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

२ जून

माहेरी जावं का? पैनगंगा ओलांडली की माझं गाव. दादा म्हणतो ये. पण गेले तर सगळे म्हणतील, पाहा, पळाली. आणि हर्षाली? ती रोज बापाच्या मागेमागे फिरते. तो तिच्याशीही कमीच बोलतो.

९ जून

सुरेंद्रनं जेसीबी आणला. विहीर बुजवायची म्हणून. मला विचारलं नाही, मला कशाला विचारेल! गावातली माणसं जमली. सगळे म्हणत होते बरोबर आहे, बुजवा, माणूस खाल्ला तिनं.

मी म्हटलं, नाही. सगळ्यांसमोर म्हटलं. बुजवली तर पाणी केव्हा साफ झालं ते आपल्याला कसं कळणार? नुसत्या लॅबवाल्यांच्या पाइपांवर विश्वास ठेवायचा का? आणि साफ झालं तर प्यायचं कुठून? सुरेंद्रनं माझ्याकडे पाठ केली आणि जेसीबीवाल्याला हात दाखवला, चाल म्हणून.

तेव्हा आत्याबाई उठल्या. चालत गेल्या आणि काठावर जाऊन बसल्या. पदर डोक्यावर, पाय आत सोडून. जेसीबीवाला थांबला.

"त्यानं खणली, मी माती उपसली. बुजवाची असन तं मले इचारा. मी नाई म्हनतो."

मी जाऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी झिडकारला नाही. दोघी तिथे बसून राहिलो, जेसीबी वळून जाईपर्यंत.

१८ जून

लॅबच्या ऑफिसमधल्या लोकांनी विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. लाल पाटी, तेलुगूत. खाली मराठीतही लिहा म्हटलं, हो म्हणाले.

१४ ऑगस्ट

रविकांत आला. तोंड पडलेलं. मामाजींच्या नंतर तो आला की आमच्याकडे बघायला भितो. मी म्हटलं, तुमचा काय दोष, तुम्ही तर सांगितलं होतं. त्यानं मान खाली घातली.

आकडा वाढला! मे महिन्यात होता त्याच्याहून जास्त. बेंझीन म्हणून एक विष असतं पेट्रोलात, ते हद्दीच्या चारशे पट.

मी ओरडलेच. "मग ते खात काय होते इतके दिवस?"

तो म्हणाला, पाऊस पडला, पाणी वर चढलं, मातीत अडकलेलं पेट्रोल त्यात उतरलं. असं होतं. पुढच्या वेळी खाली येईल.

पुढच्या वेळी. पुढच्या वेळी. मला तो शब्द आता ऐकवत नाही.

२५ ऑगस्ट

आज जाळीशी बराच वेळ उभी होते. का ते लिहीत नाही. हर्षालीनं घरातून हाक मारली, आई, दूध उतू गेलं! गेले. दूध उतू गेलं नव्हतं. तिला नुसतं मला बोलवायचं होतं.

२ सप्टेंबर

पोळा. आमच्याकडे आता बैल नाहीत. सुरेंद्र दुसऱ्याचा टेम्पो चालवतो, वणीला, पांढरकवड्याला माल नेतो. दोन-दोन दिवस घरी नसतो. नसला की घर हलकं वाटतं आणि त्याचीच लाज वाटते.

जयवंताबाई भेटली रस्त्यात. "काऊन इतकी वाळली व पोरी?" म्हणाली आणि माझा हात हातात घेतला. मी पटकन काढून घेतला, नाहीतर तिथेच भोकाड पसरलं असतं.

२१ नोव्हेंबर

रविकांतबरोबर आज आत्याबाई वाडीत गेल्या. स्वतःहून! तो पाइपांतून पाणी काढून बाटल्या भरत होता, त्या शेजारी उकिडव्या बसल्या.

"रे बाबू, ते जिवाणू जिते हायेत का?"

"आहेत, आजी."

"कसं समजते?"

त्यानं सांगितलं. ते खातात तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपवतात, मग मातीतलं दुसरं काही वापरतात, पाण्यात लोह सुटतं. पाण्यात प्राणवायू नाही, लोह जास्त आहे, म्हणजे ते कामावर आहेत. बाहेरच्या पाइपात, उताराच्या टोकाला, पेट्रोल पोचलेलंच नाही. फेब्रुवारीतही नव्हतं. म्हणजे पेट्रोल पुढे सरकायच्या आधी ते खाऊन टाकतात.

आत्याबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "मंग आमच्या मानसाले थोडी कळ काढाले काऊन नाई जमलं?"

रविकांतनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मामाजींना कळ काढता येत नव्हती. चाळीस वर्षं ज्या हातांनी काम केलं, त्यांना नुसतं बसा म्हणणं हेच त्यांना मारणं होतं. हे मी आत्याबाईंना सांगितलं नाही. घरी येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला, पायवाट चढाची आहे म्हणून. पण घराच्या सपाट अंगणात आल्यावरही काढला नाही.

४ डिसेंबर

आकडा आला. अडीचशे पट. चारशेवरून अडीचशे!

सुरेंद्रला फोन केला. सांगितलं. पलीकडे टेम्पोचा आवाज. तो ऐकत होता, मला माहीत आहे. मग फोन बंद.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. त्याला तिळगूळ दिला. घेतला. तोंडात टाकला. "गोड बोला" असं म्हणायचं असतं. मी म्हटलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणू?

हर्षालीनं म्हटलं मात्र. "बाबा, गोड बोला. आईशी पण." तो उठून बाहेर गेला. अंगणात पाठमोरा उभा होता. खांदे हलत होते. मी दारापर्यंत गेले आणि तिथूनच परत फिरले. वाटलं, मला पाहिलं की त्याला त्याचा बाप आठवतो. त्याला वाचवलं म्हणून मी त्याची वैरीण झाले. सोडलं असतं तर विधवा झाले असते, नाही सोडलं तर ही अशी. पुन्हा तसं झालं तर काय करशील, असं मी स्वतःला विचारते. पुन्हा धरीन. त्याचं सगळं आयुष्य मुकं गेलं तरी धरीन.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास. आत्याबाईंनी जाळीवर बेलाचं पान ठेवलं. रविकांतचा फोन— नवा आकडा एकशे ऐंशी. अजून पुष्कळ वर्षं, वहिनी, पण वाट बरोबर आहे.

आत्याबाई म्हणाल्या, "हर्षालीच्या लग्नापर्यंत पिता येईन पानी." आणि हसल्या. मामाजी गेल्यापासून पहिल्यांदा.

२ मार्च

सुरेंद्र बोलला.

मी चुलीपाशी होते. आत्याबाई आणि हर्षाली देवळात. तो दारात उभा राहून, जमिनीकडे पाहत म्हणाला, "मी उतरलो नाई, कारण तू धरलं, असं तू समजते."

मी म्हटलं, हो. तेच झालं ना.

"नाई. तू पडली तवाच तुहा हात सुटला होता. तू बांधावर पडून होती. माले कोनी धरलं नव्हतं, दामिनी. मी पायरीवर उभा होतो. बाबा खाली होते. माले उतरताच आलं नाई. भ्यालो मी."

मग तो रडला. मी भाकर तव्यावर तशीच ठेवून उठले आणि त्याला धरलं.